घरी येऊन गाडी दुरुस्त करतोस ना, मग येण्याचे पैसे माग की

धायरीहून पत्र आलंय, नाव टाकू नका म्हणालाय म्हणून टाकत नाही. पत्र लांब आहे, थोडक्यात देतो: "काका, औंध आयटीआयमधून मोटर मेकॅनिक केलं, सिंहगड रोडच्या एका गॅरेजात आठ वर्षं काढली, आणि दिवाळीपासून स्वतःचं सुरू केलंय. दुकान नाही, बाइकवर बॅग टाकून लोकांच्या घरी जाऊन टू-व्हीलर रिपेअर करतो. फोन बायको घेते. फोन भरपूर येतात, दिवसभर पळतो, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. परवा बाणेरला गेलो, स्कूटर चालू होत नव्हती, बघितलं तर किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण, बंद. दाबला, झाली चालू. ते साहेब म्हणाले थँक्यू हां, पाच मिनिटांचंच काम होतं, आणि लिफ्टमधे गेले. मला पैसे मागायला लाज वाटली. शिवाय एका सोसायटीत ऑइल सांडलं म्हणून सेक्रेटरींनी गेटवर सांगून ठेवलंय की याला आत सोडायचं नाही. मेहुणा म्हणतो गाळा घे, एक ॲपवाली कंपनी म्हणते आमच्याकडे ये. जुन्या गॅरेजच्या मालकांनी तर बोलणंच सोडलंय. काय करू?"

हे बघ, आधी त्या बाणेरचा हिशोब करू, कारण तुझं सगळं दुखणं तिथेच आहे. धायरी ते बाणेर पंधराएक किलोमीटर, जाऊन-येऊन तीस, नवले पूल, वारजे, चांदणी चौक सगळं ट्रॅफिक धरून दीड तास गेलाच असणार. तुला महिन्याला ३० हजार घरी न्यायचेत असं धरू, २५ दिवस काम, म्हणजे दिवसाला १,२०० आणि आठ तासांचा दिवस धरला तर तासाला १५०. दीड तासाचे झाले २२५. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, तुझी बाइक ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर ७० रुपयांचं पेट्रोल जळलं. टायर-बियर, तुझ्या गाडीची झीज सोडूनच दे. म्हणजे तू बाणेरला जाऊन त्या माणसाला जवळजवळ ३०० रुपये देऊन आलास.

आणि तो माणूस काही वाईट नाहीये बरं का. त्याच्या घरी आरओवाला येतो, वॉशिंग मशीनवाला येतो, फिल्टर नुसता काढून परत बसवला तरी व्हिजिट चार्ज घेतो आणि हा साहेब गुपचूप देतो, का तर फोन केला तेव्हाच तिकडच्या मुलीने सांगितलेलं असतं की सर व्हिजिटिंग एवढं लागेल. तुझ्याकडून कोणी सांगितलंच नाही तर त्याला काय स्वप्न पडणार आहे? लाज कधी वाटते, काम झाल्यावर, माणूस लिफ्टचं बटण दाबत असताना पैशाचा विषय काढायचा असतो तेव्हा. फोनवर, गाडीला हात लावायच्या आधी, कुणालाच लाज वाटत नाही. शिवाय व्हिजिट चार्ज येण्याचा असतो, कामाचा नसतोच, त्यामुळे काम पाच मिनिटांचं होतं का पन्नास हा वादच येत नाही.

तर आजपासून बायकोला सांग, पत्ता घेतला की लगेच व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकायचा: "व्हिजिट चार्ज १५० रुपये, काम झालं नाही किंवा लहान निघालं तरी लागेल. लेबर आणि पार्ट वेगळे, काम सुरू करायच्या आधी सांगू. चालेल का?" समोरून "हो" आल्याशिवाय निघायचं नाही. दहातले दोन-तीन जण गायब होतील, होऊ देत, ते तसेही लिफ्टमधेच जाणारे होते.

हा १५० चा रेट धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर, माणिकबाग एवढ्यापुरता. कोथरूड, वारजे, कात्रजला २५०. त्याच्या पलीकडे जायचंच नाही, आणि हे तुला जड जाईल मला माहितीये कारण फोन आला की नाही म्हणवत नाही, पण खराडी आणि हिंजवडीचे फोन घेणारा माणूस मेकॅनिक राहत नाही रे, तो डिलिव्हरी बॉय होतो. लांबचं गिऱ्हाईक फार मागे लागलं तर सांगायचं की तुमच्या सोसायटीतल्या अजून तीन गाड्या जमवा, रविवारी सकाळी येतो. बरेच जण म्हणतात बिल झालं की व्हिजिट चार्ज त्यात ॲडजस्ट करून टाक, गिऱ्हाईक खूश होतं. मला नाही पटत. एकदा सोडलास की पुढच्या वेळी तो लेबरमधेही सोडायला सांगणार, आपल्याकडे सुटण्यासारखं काही दिसलं की लोक सोडवूनच घेतात. बिलावर वेगळी ओळ लिहायची आणि गप्प बसायचं.

आता फोन. बायको पत्ता लिहून घेते हे ठीक आहे, पण तिला चार प्रश्न विचारायला शिकव, तुझे दिवसाचे दोन हेलपाटे वाचतील. पहिलं म्हणजे गाडी कोणती आणि एप्रिल २०२० च्या आधीची का नंतरची, कारण तेव्हापासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि तू जुन्याचा पार्ट घेऊन नव्या गाडीपुढे उभा राहिलास तर परत फेरी. मग विचारायचं, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो? नुसतं कट-कट-कट येतंय आणि हॉर्न दाबला की तो कण्हल्यासारखा वाजतोय, म्हणजे बॅटरी बसलीये, त्या हिशोबाने सामान घेऊन निघ. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर आधी लाल बटण कुठल्या बाजूला आहे ते बघायला सांग, मग साइड स्टँड वर आहे का, काही नव्या गाड्यांत तो खाली असला की इंजिन चालूच होत नाही, मग पेट्रोल आहे का. पेट्रोलच्या बाबतीत काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, झाकण उघडून गाडी हलवून बघायला लावायची. इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवल्यावर पंपाचा झुंई असा बारीक आवाज येतो का, आणि इंजिनाचा दिवा लागून विझतो का लागलेलाच राहतो. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत येतं, व्हिडिओच मागवायचा.

आणि फोनवरच गाडी चालू झाली तर? होऊ दे, त्याचे पैसे मागू नकोस. उलट तो माणूस तुझा नंबर सेव्ह करतो, सर्व्हिसिंगची वेळ आली की पहिला फोन तुला आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणी विचारलं की नंबर तुझा टाकतो. तुझं काहीच गेलं नाही, गाडी जागेवरून हलली पण नाही ना तुझी.

प्रत्यक्ष गेल्यावर एक गोष्ट मात्र कर, मल्टिमीटर बाहेर काढ आणि गिऱ्हाइकाला दिसेल असा धर. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर असली तर ठीक, बाराच्या खाली असली तर बसलेली. पण तेवढ्यावर नवी बॅटरी विकू नकोस, गाडी किकवर चालू कर, थोडी रेस दे आणि परत बघ, साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आकडा गेला पाहिजे. जात नसेल तर चार्जिंगच होत नाहीये, रेग्युलेटर बघ, कॉइल बघ, वायरिंग बघ. नाहीतर होतं काय, नवी बॅटरी बसवून येतो आपण, पंधरा दिवसांत ती पण बसते आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव निघतं. गिऱ्हाइकाला व्होल्ट कळत नाहीत पण आकडा चढताना दिसला की त्याला कळतं हा माणूस अंदाजपंचे काम करत नाहीये, आणि मग तो लेबरवर घासाघीस कमी करतो.

पार्टचं पण तसंच. आठवड्यातून एकदा नाना पेठेत चक्कर मारून प्लग, ब्रेक शू, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, बल्ब, फ्यूज, पंक्चरच्या पट्ट्या, दोन-तीन ऑइलचे डबे, एवढं घेऊन ठेव, त्याहून जास्त नको, पैसे अडकतात आणि पाठ मोडते. खोक्यावरची एमआरपी दाखवायची, जुना पार्ट त्याच्याच हातात द्यायचा. डुप्लिकेटचं मार्जिन मोह पाडतं, पण गॅरेजवर लोक भांडायला जातात, तुझ्याकडे भांडायला दुकान नाहीये, तुझा नुसता नंबर ब्लॉक होतो आणि तुला कळत पण नाही का फोन यायचे बंद झाले.

सोसायटीचं प्रकरण. सेक्रेटरी काकांचा राग बरोबर आहे, पेव्हर ब्लॉकवर इंजिन ऑइल सांडलं की तो डाग वर्षभर तसाच, आणि रोज तिथून जाणारे शंभर लोक तो बघतात. त्यांना जाऊन भेट, सॉरी म्हण, आणि डाग स्वतः साफ करून दे, वर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेव, सकाळी झाडून डिटर्जंटने घास, पूर्ण नाही गेला तरी फिका होतो आणि तू गुडघ्यावर बसून घासताना दिसलास एवढ्यानेच अर्धं काम होतं. यापुढे बॅगेत तीन वस्तू कायमच्या: पसरट ट्रे, झाकणाचा कॅन, आणि खाली अंथरायला जुना फ्लेक्स. फ्लेक्सची पुण्यात टंचाई नाही, दर आठवड्याला कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस असतोच. फक्त उलटा अंथर, ऑइल भाऊंच्या तोंडावर पडलेलं कोणी फोटो काढला तर नसती आफत. ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट आधी हाताने पूर्ण बसव, मगच पाना लाव, वॉशर नवा टाक. अल्युमिनियमचे आटे गेले की पार्किंगमधे तुझ्याकडे ना टॅप सेट ना मशीन, गाडी टेम्पोत घालायची वेळ येते आणि खर्च तुझ्या अंगावर.

ते काढलेलं काळं ऑइल गटारात नाही ओतायचं आणि स्लॅबच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतात त्यांनाही नाही विकायचं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं, ते परवाना असलेल्या रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. तुझं महिन्याचं असून असून एक-दोन कॅन, त्यासाठी कोणी रिसायकलर तुझ्या घरी येणार नाही, ते एखाद्या गॅरेजच्या ड्रममधे जायला हवं. गॅरेजवर मी येतोच.

त्याआधी कुठली कामं पार्किंगमधे करायची नाहीत ते बोलू. सर्व्हिसिंग, ब्रेक, केबल, बॅटरी, प्लग, पंक्चर, स्कूटरचा बेल्ट, हे बिनधास्त कर. इंजिन उघडायचं नाही, धूळ उडत असते, एक सर्क्लिप, ती बारीक लॉकची रिंग, पेव्हरच्या फटीत गेली की संपलं. इलेक्ट्रिक स्कूटरचे ब्रेक-टायर कर पण तिच्या बॅटरी पॅकला आणि नारिंगी वायरला हात लावू नकोस. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी सांग की बाहेर काम केलंत तर कंपनी क्लेमला नाही म्हणू शकते, मग त्यांचं ते ठरवतील. आणि स्कूटर करता करता "आता आलाच आहेस तर कारचं पण ऑइल बदल ना" म्हणणारे भेटतील, सगळीकडे भेटतात. कारसोबत येतो तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर कारच्या खाली घुसायचं नाही म्हणजे नाही. चांगले दोन स्टँड, सपाट जागा, चाकाला अडकण, हे सगळं नसेल तर हात जोडून नाही म्हण. आपल्याकडच्या निम्म्या सोसायट्यांचं पार्किंग उतारावर असतं, तिथे तर सगळं असलं तरी नको.

पावसाळ्यात तुझे फोन दुप्पट होतील. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर एकतानगरीत पार्किंगच्या पार्किंग बुडाली होती, तू तेव्हा सिंहगड रोडलाच होतास, सांगायला नको. बुडालेल्या गाडीचा फोन आला की पहिलं वाक्य: सेल्फ मारू नका, किक पण नको. दुसरं: सगळीकडून फोटो काढा आणि इन्शुरन्स असेल तर त्यांना आधी कळवा, ते हो म्हणेपर्यंत मी गाडी उघडणार नाही. मग गेल्यावर प्लग काढून आतलं पाणी बाहेर, एअर फिल्टर, पेट्रोल पूर्ण रिकामं, कारण आता पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, ऑइल बदल, थोडी चालव, परत बदल. दोन वेळा ऑइल का लागतं ते गिऱ्हाइकाला आधीच सांग, नाहीतर त्याला वाटतं लुटतोय. आणि एक, ज्यांचं घरच पाण्यात गेलंय त्यांच्याकडून व्हिजिट चार्ज घेऊ नकोस रे, तेवढं तुला कळतंच.

गाडीला हात लावायच्या आधी रीडिंगचा आणि चारही बाजूंनी ओरखड्यांचा फोटो, ही सवयच लाव, "हा डेंट आधी नव्हता" हे वाक्य ऐकायचं नसेल तर. ट्रायल मारायच्या आधी इन्शुरन्स चालू आहे का विचार. बिनइन्शुरन्सची गाडी पकडली तर पहिल्यांदाच २,००० चा दंड, आणि कुणाला धडकलास तर दंड हा लहान विषय होईल. संपलेला असेल तर ट्रायल सोसायटीच्या आतच. रात्रीचे फोन ओळखीच्याच लोकांचे घे. नवले पुलाच्या उतारावर किंवा बायपासच्या कडेला कोणी अडकलं असेल तर रात्री एकटा बॅग घेऊन जाऊ नकोस, त्यांना हायवेचा १०३३ नंबर दे, आणि एक्सप्रेसवेला तर टू-व्हीलर जाऊच शकत नाही त्यामुळे तो प्रश्न मिटला.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होतं आणि फुकट आहे, एजंट हजार रुपये मागतात ते देऊ नकोस. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की बघायचा, तोवर नाही. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा बिमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, अपघाती दोन लाखांचा, तो आजच घे, तुझं सगळं आयुष्य रस्त्यावर चाललंय. आणि क्यूआर कोड धंद्याच्या वेगळ्या खात्याचा ठेव. घरखर्च आणि पार्टचे पैसे एकाच खात्यात असले की महिनाअखेर काही राहत नाही असंच वाटतं, राहिलं असलं तरी.

गाळा आत्ता नको. मेहुणा प्रेमाने सांगतोय, पण डिपॉझिट, भाडं, लाइट, एक पोरगा, हे सगळं महिन्याच्या एक तारखेला दार वाजवतं, तुझ्याकडे गिऱ्हाईक येवो न येवो. आधी चार-पाच सोसायट्या पक्क्या कर, जिथे महिन्यातून एक रविवार तुझा असेल आणि एका फेरीत सहा-सात गाड्या होतील. ॲपवाल्यांचं वाईट नाही म्हणत मी, पण तीन गोष्टी लेखी विचार: गिऱ्हाइकाने काम रद्द केलं तर येण्या-जाण्याचे पैसे कोण देणार, गाडीचं नुकसान झालं तर कोणाच्या खिशातून, आणि त्यांच्याकडून आलेल्या गिऱ्हाइकाने पुढे मला थेट फोन केला तर चालेल का. तिन्हीची उत्तरं गोलगोल आली तर रिकाम्या दुपारी दोन-तीन तास त्यांचं काम घे, त्याहून जास्त नाही.

राहिले मालक. ते का रागावलेत हे तू लिहिलं नाहीयेस पण मला अंदाज आहे, त्यांची गिऱ्हाइकं आता तुला फोन करतात. आठ वर्षं हातात पाना दिलेल्या माणसाला ते लागणारच. जाऊन भेट त्यांना, संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी जा, पोरं गेलेली असतात तेव्हा. इंजिनाचं काम, फोर्कचं काम, मशीनवर न्यायचं काम, जे पार्किंगमधे होत नाही ते सगळं मी तुमच्याकडे आणतो म्हणावं, आणि ऑइलचा माझा कॅन तुमच्या ड्रममधे ओतू द्या. त्यांना घरबसल्या मोठी कामं, तुला मागे गॅरेज, गिऱ्हाइकाला पण धीर की याचं कुठेतरी ठिकाण आहे. आधी दोन कामं नुसती नेऊन दे, काही न मागता. तिसऱ्या कामाला ते स्वतःच विचारतील तुझं किती ठेवू, तेव्हा आकडा त्यांनाच बोलू दे, तू काढू नकोस.